सोन्याच्या गावी चाकावरचं बिऱ्हाड



आम्ही दोघी सख्ख्या जावा, माण तालुक्यातल्या. एका घरात नांदलो, एकाच बचत गटात आहोत. थोरलीची लेक लग्नानंतर ऑस्ट्रेलियात, मेलबर्न शहरात राहते. तिला वाढवलं दोघींनी, म्हणून तिच्या बाळंतपणाला गेलोही दोघी. नात पाच महिन्यांची झाली, आमची परत यायची वेळ आली, तेव्हा लेक आणि जावई म्हणाले, चार दिवस जरा बाहेर पडू. त्यांनी आम्हाला कॅसलमेन नावाच्या गावी नेलं. मेलबर्नपासून साधारण १२० किलोमीटर. एके काळी तिथं सोनं निघालं होतं, एवढंच आम्हाला माहीत होतं.

परत आल्यापासून जी भेटेल ती विचारते, "काय गं, सोनं घावलं का?" एकेकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा आज रेडिओवरून सगळ्यांना एकदमच सांगतो.

आधी राहण्याचं, कारण चौकशी त्याचीच जास्त होते. आम्ही लॉजमध्ये उतरलो नाही, कॅरवॅनमध्ये राहिलो. कॅरवॅन म्हणजे मोटारीच्या मागं जोडायचं चाकांवरचं घर. आपल्याकडं मेंढरांमागं धनगराचा वाडा घोड्यावर संसार लादून निघतो, ऊसतोडीची टोळी गाडीत भांडीकुंडी भरून निघते. तसाच हाही हलता संसार, फक्त हौसेखातर केलेला. आत दोन पलंग, दोन शेगड्या, भांडी घासायला छोटी मोरी, वर फळ्यांची कपाटं आणि एक लहानसा फ्रिज. जेवणाचं टेबल खाली केलं की त्याचाच तिसरा पलंग होतो. पहिल्या रात्री आम्हाला वाटलं, ह्या डब्यात पाच जणांनी वळायचं कसं? दुसऱ्या दिवशी प्रत्येक वस्तूची जागा पाठ झाली आणि वाटलं, एवढ्यात भागतं की!

गावात दीडशे वर्षांहून जुनी सरकारी बाग आहे. तिला लागूनच कॅरवॅन लावायची जागा. प्रत्येकाला आखून दिलेला तुकडा, तिथं पाण्याचा नळ आणि विजेची जोडणी. जावयांनी गाडी उभी केली आणि सगळ्यांत आधी पाणसळ काढली. चाकाखाली फळ्या सरकवून घर सपाट केलं, मगच आत जायला परवानगी दिली. गवंड्याची पाणसळ घरच्या माणसाच्या हातात बघून आम्हाला हसू आलं, पण पुढं रानात तीच आठवली. ते ओघानं सांगू.

तिथला एक नियम आम्हाला फार आवडला. मोरीचं सांडपाणी जमिनीवर ओतायचं नाही. नळी लावून ठरलेल्या गटारात सोडायचं. संडासाची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची. अंघोळीच्या खोल्या आणि संडास पक्के बांधलेले, आतून कडी, बाहेर रात्रभर दिवा. रात्री उठायचं म्हटलं तरी जीव धास्तावत नाही. परगावी बाईमाणसाची मुक्कामाची सोय कशी आहे, हे आधी ह्याच गोष्टींवरून कळतं, नाही का?

स्वयंपाकाला सगळ्यांचं मिळून एक घर होतं. ज्यानं वापरलं त्यानं पुसून ठेवायचं. संध्याकाळी तिथं बाप्ये भांडी घासताना दिसायचे आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आम्ही मेलबर्नहून ज्वारीचं पीठ नेलं होतं. भाकरीचा वास सुटला तशी शेजारच्या कॅरवॅनमधली सत्तरीची बाई डोकावली. ती एकटीच गाडी चालवत महिनोन् महिने फिरते म्हणे. आम्हाला तिची भाषा येईना, तिला आमची. तिला अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं ताटली पुसून खाल्ली आणि सकाळी आम्हाला चार लिंबं आणून दिली.

आता गावाची गोष्ट. ही भूमी जाजा वुरुंग नावाच्या मूळ लोकांची. हजारो वर्षं ते इथं राहत आले, आजही आहेत. मग इंग्रज आले आणि त्यांनी मेंढरांचे मोठमोठे कळप सोडले. १८५१च्या जुलैमध्ये ख्रिस्तोफर पीटर्स नावाच्या मेंढरांकडच्या गड्याला एका घळीत गारगोटीत चमकणारं सोनं दिसलं. तो आणि त्याचे तीन सोबती गुपचूप खणायला लागले. पुढं आपण अडचणीत येऊ ह्या भीतीनं त्यांच्यातल्या एकानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते ८ सप्टेंबर १८५१ रोजी छापून आलं आणि झालं! मेलबर्नहून माणसांची रीघ लागली. काही महिन्यांत ओढ्याकाठी हजारो तंबू पडले.

खणायचं तर सरकारी परवाना लागे. महिन्याला ३० शिलिंग. सोनं मिळो न मिळो, पैसे भरायचेच. त्यात सरकारनं ठरवलं की ही रक्कम दुप्पट करायची. तेव्हा १५ डिसेंबर १८५१ रोजी शेजारच्या च्यूटन गावी, एका मेंढपाळाच्या झोपडीजवळ, सुमारे १५,००० खाणकामगार जमले. सरकारला दुप्पट रकमेचा हुकूम मागं घ्यावा लागला. त्या मोकळ्या मैदानावर आम्ही उभ्या राहिलो. ग्रामसभेला कोरम भरत नाही आपल्याकडं, आणि इथं पायी चालत एवढी माणसं आली! पुढं १८५५ साली नवा कायदा झाला. वर्षाला एक पौंड भरायचा, आणि त्या परवान्यावर माणसाला मतदानही करता यायचं. माणसाला म्हणजे पुरुषाला. तिथल्या प्रांताच्या निवडणुकीत बाईला मत मिळायला १९०८ साल उजाडलं.

हे सगळं रानातून चालताना कळत गेलं. तिकडं रानाला बुश म्हणतात. जुन्या खाणींचा हा सगळा भाग आता वारसा म्हणून राखून ठेवलाय. चालायच्या वाटा आखलेल्या, ठिकठिकाणी माहितीचे फलक. लेक नातीला छातीशी बांधून पुढं चालायची, फलक वाचून आम्हाला मराठीत सांगायची. रान निलगिरीच्या जातीच्या झाडांचं. काही झाडांची साल काळी आणि लोखंडासारखी टणक. सकाळी गारठा, पायाखाली वाळक्या पानांचा आवाज, वर गुलाबी छातीच्या काकाकुवांचा गोंगाट. कांगारू दिसलं की ते आपल्याकडं बघतं, आपण त्याच्याकडं, आणि मग ते उड्या मारत निघून जातं.

आणि एक सांगू? आम्हाला पहिल्या दिवशी हात कुठं ठेवावेत तेच कळेना. जन्मभर रानात चाललो ते डोक्यावर काहीतरी घेऊन. पाण्याची घागर, सरपणाची मोळी, गवताचा भारा, काखेत पोर. नुसतं बघायला म्हणून कधी टेकडी चढलो नव्हतो. दोघींच्या मिळून चार हातांना काही काम नाही! थोड्या वेळानं मात्र डोळ्यांना काम मिळालं.

आपण गावात श्रमदानात सलग समतल चर खणले आहेत. उतार कसा वाचायचा हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिथल्या डोंगराच्या अंगानं एक चर जाताना दिसला. वर नाही, खाली नाही, उताराला आडवा, एका पातळीत, लांबवर. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "अगं, हा तर आपला चर!" फलक वाचला तर ते खाणकामगारांचे पाण्याचे पाट निघाले. आपण चर काढतो ते पाणी जमिनीत मुरावं आणि माती जागेवर राहावी म्हणून. त्यांनी पाट काढला तो पाणी उंचावरून आणून त्याच्या झोतानं डोंगराची माती धुवून काढायला. आखणी तीच, पाणसळही तशीच लागली असणार. हेतू बरोबर उलटा.

पुढं जमिनीत एक मोठं गोल चराचं वर्तुळ. हेही ओळखीचं वाटलं. पूर्वी आपल्याकडं वाडे, देवळं बांधताना चुन्याची घाणी असायची, बैल गोल फिरायचा आणि चुना मळला जायचा. तशीच ही मातीची घाणी. बैलाच्या जागी घोडा. चिकणमाती पाण्यात घोळायची, सोनं तळाला बसायचं, आणि चिखल द्यायचा ओढ्यात सोडून. अशा घाण्या एक-दोन नाहीत, खूप होत्या. ओढे गाळानं भरले. टेकड्यांवरची काळी-तांबडी माती निघून गेली आणि खाली उरले खडक आणि गारगोट्यांचे ढीग.

तिथली झाडं बघा. खूपशा झाडांना एकच खोड नसतं. बुंध्यापासून तीन-चार खोडं फुटलेली. आम्ही लेकीला सांगितलं, हा खोडवा आहे. ऊस तोडल्यावर बुडख्यातून फुटतो ना, तसा. ती फलकावर शोधायला लागली आणि खरंच तसंच निघालं. खाणींच्या टेकूला आणि जळणाला सगळं रान तोडलं, आणि आज दिसतं ते तोडलेल्या बुडख्यांतून परत फुटलेलं. इतकी वर्षं झाली तरी झाडं अंगानं भरलेली नाहीत. भरणार कशी? पायाखाली मातीच नाही. जाजा वुरुंग लोक ह्या भागाला उलटापालटा केलेला मुलूख म्हणतात. पोटातलं वर काढलं आणि वरचं वाहून गेलं. ह्याहून नेमकं नाव आम्हाला तरी सुचलं नसतं.

तिसऱ्या दिवशी लेक आम्हाला कॅसलमेन आणि च्यूटनच्या मधल्या एका माळावर घेऊन गेली. माळाचं नाव पेनीवेट फ्लॅट. पेनीवेट हे सोन्याचं जुनं वजन, साधारण दीड ग्रॅम. मंगळसूत्राच्या दोन बारीक वाट्या जेमतेम होतील एवढं. इथल्या जमिनीत तेवढंच काय ते मिळायचं, म्हणजे खणायला न परवडणारी जागा. म्हणून ती मुलं पुरायला दिली.

हो, मुलंच. १८५२ ते १८५७ ह्या पाच-सहा वर्षांत तिथं सुमारे २०० जणांना पुरलंय आणि त्यांत बहुतेक तान्ही आणि लहान लेकरं. वर नुसते दगड रचलेले. काही थोड्या कबरींवर नावं आहेत, बाकीच्यांवर काहीच नाही. तंबूत राहणं, भर उन्हाळा, आणि प्यायला तोच ओढा ज्यात वरच्या अंगाला माती धुतली जायची आणि माणसांची घाणही मिसळायची. आव, हगवण, विषमज्वर. दूध पिणारी लेकरं किती टिकणार? आम्ही दोघी दगडावर बसलो. नात लेकीच्या छातीशी झोपली होती. लेकीनं फलक निम्मा वाचला आणि पुढं वाचलाच नाही. आम्हीही म्हटलं नाही, वाच.

तिथून निघालो तेव्हा आमच्या मनात एकच हिशेब घोळत होता. किती सोनं निघालं हे त्या मुलखात जागोजागी लिहिलेलं आहे. सोन्याचा प्रत्येक कण तोलला गेला. माती किती गेली, पाणी किती नासलं, हे त्या वेळी कुणी तोललं नाही. परवाने पुरुषांच्या नावावर, आणि दूषित पाणी भरलं, उकळलं, आजारी लेकरं मांडीवर घेतली ती बायकांनी. त्यांच्या कामाची नोंद म्हणून जर काही शोधायचं असेल, तर ते हे दगड.

पाण्याची दुसरी गोष्टही तिथंच ऐकली. जाजा वुरुंग लोक खडकातल्या खोलगट जागी पावसाचं पाणी धरून ठेवायचे आणि जनावरानं नासू नये म्हणून तोंडावर दगड झाकायचे. मेरीबरो गावाजवळ अशा खडकातल्या विहिरी आजही जपून ठेवल्या आहेत. ज्यांना आडाणी समजलं गेलं, त्यांना पाण्यावर झाकण ठेवायचं ठाऊक होतं. सोन्यामागं आलेल्या लोकांसाठी मात्र १८७०च्या दशकात दुरून मोठा कालवा आणावा लागला, तेव्हा कुठं स्वच्छ पाणी मिळालं. त्या पाण्याचाही उपयोग पुढं खाणीला झालाच. च्यूटनजवळ १८८७ साली पाण्यावर फिरणारं एक चाक बसवलं होतं, २२ मीटर व्यासाचं. म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढं! सोन्याचे दगड त्यावर कुटले जायचे. आज चाक नाही, त्याचे दगडी खांब तेवढे उभे आहेत.

शेवटच्या दिवशी वॉन नावाच्या झऱ्यावर गेलो. तिथं चक्क हापसा आहे! हापसलं की पाणी येतं ते सोड्यासारखं फसफसणारं, चवीला लोखंडी. जमिनीतूनच तसं येतं. जवळच चिनी कामगारांची जुनी दफनभूमी आहे. १८५५ साली बोटीनं येणाऱ्या चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसवला. तो चुकवायला ती माणसं शेजारच्या प्रांतात उतरली आणि ४०० किलोमीटरच्या वर चालत सोन्याच्या मुलखात आली. पोटासाठी माणूस किती चालतो, हे दुष्काळी भागातल्या आपल्याला काय सांगायचं!

चालण्यावरून आणखी एका बाईचं नाव सांगतो, ते लक्षात ठेवा. कॅरोलाईन चिझम. ऑस्ट्रेलियाला जाण्याआधी ती आपल्या देशात, मद्रासला होती आणि तिथं १८३४ साली तिनं गोऱ्या सैनिकांच्या मुलींसाठी शाळा काढली. १८५४ साली तिनं सोन्याचा मुलूख फिरून पाहिला. कुटुंबं उघड्यावर मुक्काम करत चालत होती. तिनं खटपट करून मेलबर्नहून येणाऱ्या वाटेवर एकेका दिवसाच्या चालीच्या अंतरावर निवारे बांधायला लावले. एवढ्या माणसांना सोनं दिसलं आणि हिला वाटेवरच्या बायका-पोरांचा रात्रीचा मुक्काम दिसला. आमच्या मते तिथली खरी श्रीमंत बाई हीच.

तुमच्यापैकी कुणी लेकी-सुनांकडं तिकडं जाणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. एक, आखलेली वाट सोडायची नाही. रानात जुन्या खाणींची उघडी तोंडं आहेत, गवतात दिसत नाहीत. दोन, खाणीच्या जुन्या मातीच्या ढिगांवर पोरांना खेळू द्यायचं नाही. त्या मातीत आर्सेनिकसारखं विष असू शकतं, आल्यावर हात धुवायचे. तीन, उन्हाळ्यात वणव्याची भीती मोठी असते. ज्या दिवशी सरकार आगबंदी जाहीर करतं त्या दिवशी बाहेर चूल पेटवायची नाही. चार, पाणी आपलं आपण न्यायचं. आणि हो, परवाना काढून ठरलेल्या जागी आजही हौसेनं सोनं शोधता येतं. माणसं यंत्र घेऊन शोधत हिंडतात. आम्ही नाही शोधलं. आमच्याकडं वेळ थोडा होता आणि बघायला दुसरं बरंच होतं.

आता आपल्या गावचं. गायरानातल्या आपल्या टेकडीचा मुरूम काढायचा विषय पुढच्या ग्रामसभेत येणार आहे. रस्ता हवा आहे, मुरूम लागणार आहे, हे आम्हालाही कळतं. पण त्याच टेकडीवर आपण दोन उन्हाळे चर खणलेत आणि तिच्या पायथ्याच्या विहिरीला आता मार्चपर्यंत पाणी टिकतं. ग्रामसभेत पैसे किती मिळणार हे विचारणारे पुष्कळ असतील. आपल्या गटानं दुसरा प्रश्न विचारायचा ठरवलंय. माती किती जाणार, पाण्याचं काय होणार, आणि हे कोण मोजणार? उत्तर कागदावर लिहून मागायचं.

त्याआधी एकदा सगळ्या मिळून ती टेकडी चालून बघायची आहे. कुठल्या चरात किती गाळ साठलाय, कुठं गवत धरलंय, ओघळ कुठून निघतो, हे वहीत मांडायचं. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मारुतीच्या देवळापाशी जमूया. सासूबाईंना, लेकींना घेऊन या. वही, पेन आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या. घागर, विळा, पाटी घरीच ठेवा. त्या दिवशी डोक्यावर काही न घेता चालायचं आहे.